तुमचा लाल डॅशहाउंड चेस्टनट नाही, तो आतून बे आहे

आधी एक काम करा, नराच्या मालकाशी जे काही वाजलंय ते मिटवून टाका. तुम्ही सांगितलंत त्यावरून तरी त्या माणसाचा दोष दिसत नाही, आणि तुमच्या कुत्रीचा तर नाहीच नाही.

प्रश्न पुन्हा एकदा मांडतो म्हणजे पुढचं नीट कळेल. तुमचं आयुष्य घोड्यांत गेलं, आता डॅशहाउंड पाळलेत. लाल कुत्री, बाहेरून आणलेला लाल नर, चार पिल्लं, त्यातली तीन लाल आणि एक काळंकुळकुळीत, वर भुवयांवर, छातीवर आणि पायांवर टॅन, म्हणजे तांबूस ठिपके. तुमचा हिशोब असा की घोड्यात चेस्टनटला (अंग, आयाळ, शेपटी सगळं तांबडं) चेस्टनट लावला की शिंगरू चेस्टनटच होतं, काळं होणं शक्यच नाही, मग लाल कुत्र्यांना काळं पिल्लू झालंच कसं, म्हणजे एक तर नर बदलला किंवा कुत्री आधीच कुठेतरी लागली होती.

घोड्याचा हिशोब तुमचा शंभर टक्के बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या जनावराला लावलाय. मी व्हेट आहे, निम्मं काम घोड्यांचं आणि निम्मं कुत्र्यांचं, आणि हा गोंधळ दोन्हीकडून बघितलाय. घोडेवाले कुत्र्यांत आले की असे अडकतात, आणि लॅब्राडोरवाले घोड्यांत गेले की काळ्याला डॉमिनंट, म्हणजे दुसऱ्या रंगाला झाकणारा, समजून फसतात.

बघा, केसात रंगद्रव्यं दोनच, काळं आणि लाल. काळ्याला युमेलॅनिन म्हणतात, लालला फिओमेलॅनिन, आणि पिवळा, क्रीम, सोनेरी, तांबडा हे सगळं त्या लालमध्येच आलं. रंग बनवणाऱ्या पेशीवर एक रिसेप्टर असतो, एमसी१आर, त्याला स्विच समजा. स्विच चालू असला की पेशी काळं बनवते, बंद असला की लाल. आणि तो स्विच दाबून बंद करायला एक प्रोटीन असतं, अगूटी. म्हणजे केस लाल व्हायला दोन रस्ते आहेत, एक तर स्विचच मोडलेला, नाहीतर स्विच धडधाकट आहे पण अगूटी त्यावर बोट ठेवून बसलंय. बाहेरून दोन्ही लालच दिसतात, पण पुढच्या पिढीत दोघं एकदम वेगळं वागतात, तुमचं काळं पिल्लू त्या फरकातूनच आलंय.

चेस्टनट म्हणजे मोडलेला स्विच. ही गोष्ट १९९६ मध्ये घोड्याच्या जीनमध्ये सापडली आणि २००० मध्ये कुत्र्यात, त्याच जीनमध्ये. दोन्हीकडे त्याला छोटा ई म्हणतात, दोन्हीकडे तो रिसेसिव्ह, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन मोडक्या कॉप्या लागतात. पिवळा लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, आयरिश सेटर, हे कुत्र्यातले खरे चेस्टनट. दोन पिवळे लॅब लावा, सगळी पिल्लं पिवळीच, तुमच्या घोड्यांसारखंच. कारण दोघांकडेही द्यायला चालता स्विचच नाही.

डॅशहाउंडचा लाल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या रस्त्याचा असतो. स्विच चांगला, पण अगूटीचं असं व्हर्जन आहे की ते अंगभर दाबून बसतं. त्याला एवाय म्हणतात, आणि ते डॉमिनंट आहे, एक कॉपी पुरते. त्याखाली एटी नावाचं व्हर्जन लपून बसू शकतं, ज्यात अगूटी फक्त पोटाच्या बाजूला, पायांवर, भुवयांवर काम करतं आणि पाठीवर गप्प असतं, म्हणजेच काळं-टॅन. तुमच्या कुत्रीकडे एवाय आणि एटी, नराकडे एवाय आणि एटी, दोघं दिसायला लाल, आणि चारातल्या एका पिल्लाला दोन्हीकडून एटी मिळालं. बस्स, संपला विषय.

आता हे घोड्यात तुम्ही बघितलेलं नाही असं नाही, हजार वेळा बघितलंय, फक्त चेस्टनटमध्ये नाही, बेमध्ये. बे घोडा म्हणजे कुमैत, अंग तांबूस, आयाळ-शेपटी-पाय काळे. त्याचा स्विच चांगला असतो आणि अगूटी अंगावर दाबून बसलेलं असतं. दोन बे लावले आणि काळं शिंगरू झालं तर तुम्ही घोडीवर संशय घेता का? नाही घेत, म्हणता दोघांकडे काळं लपलेलं होतं. दोघांकडे एकेक मोडका ई आणि एकेक मोडका अगूटी असेल तर सोळामागे नऊ बे, तीन काळे आणि चार चेस्टनट असं पुस्तकी प्रमाण येतं, हेही तुम्हाला माहीत असेल. म्हणूनच मी म्हणतो तुमचा लाल डॅशहाउंड चेस्टनट नाही, तो आतून बे आहे. त्याची काळी आयाळ तेवढी दिसत नाही.

खरं तर दिसते, शोधावी लागते. उजेडात कुत्रीला मांडीवर घ्या आणि मिशा बघा. काळ्या आहेत? मग कानाच्या कडेचे केस, पाठीच्या मध्यावरचे केस आणि शेपटीचं टोक वेगवेगळं करून बघा, एवायवाल्या लाल कुत्र्यात कुठे ना कुठे काळ्या टोकाचा केस बहुतेक वेळा सापडतो, कधी चारपाचच असतात. एखादा उपटून पांढऱ्या कागदावर ठेवा, बुडाशी लाल आणि टोकाला काळा असा केस दिसेल. मोडक्या स्विचवाल्या कुत्र्यात अख्ख्या अंगावर एकही काळा केस नसतो, मिशासुद्धा वाळक्या गवताच्या रंगाच्या. नाकावरून मात्र हे ठरवू नका, कारण पिवळ्या लॅबचं नाकही काळंच असतं, तो स्विच केसांपुरता मोडलेला आहे, कातडीचा काळेपणा त्याने जात नाही. चेस्टनट घोड्याची कातडी काळीच असते ना, तसंच.

नाकाचा उपयोग दुसरीकडे आहे. दोघांची नाकं काळ्याऐवजी चॉकलेटी असतील तर मात्र मी माझं वरचं बोलणं मागे घेतो, कारण चॉकलेटी रंग टीवायआरपी१ नावाच्या जीनचा, तो पण रिसेसिव्ह, आणि तो नाकापासून डोळ्यांच्या कडेपर्यंत सगळंच काळं चॉकलेटी करून टाकतो. दोन चॉकलेटी नाकांच्या डॅशहाउंडांना काळं पिल्लू व्हायला नको. (फ्रेंच बुलडॉगवाल्यांनी हा नियम डोळे झाकून वापरू नये, त्यांच्यात कोको म्हणून दुसऱ्याच जीनचा चॉकलेटी आहे, आणि एक कोको नि एक साधा चॉकलेटी लावला की पिल्लं काळी येतात.) घोड्यात हा टीवायआरपी१वाला चॉकलेटी रंग कोणाला ब्रीडिंगमध्ये भेटत नाही. लिव्हर चेस्टनट ऐकून लिव्हर रंगाच्या पॉइंटर कुत्र्याशी नातं लावू नका, लिव्हर चेस्टनट हा शेवटी चेस्टनटच, गडद छटेचा, म्हणजे लाल रंगद्रव्य. लिव्हर पॉइंटर म्हणजे काळं रंगद्रव्य, फिकं झालेलं. नाव एक, आत भलतंच.

तुम्ही असंही म्हणालात की याच जोडीचं आधीचं वेत पूर्ण लाल होतं, मग आताच काळं कसं. चार पिल्लांचं वेत असेल तर एकही काळं-टॅन न येण्याची शक्यता जवळपास ३२ टक्के असते, तीनदातून एकदा असं होणारच. यात घोडेवाल्यांचा अंदाज नेहमी चुकतो, कारण घोडी अकरा महिन्यांनी एक शिंगरू देते, लपलेली गोष्ट बाहेर यायला पाच-सहा वर्षं जातात, तोवर लोकांनी घोड्याला शुद्ध म्हणून ठरवूनही टाकलेलं असतं. कुत्रीचं एक वेत म्हणजे तुमच्या घोडीची सहा वर्षं एका रात्रीत.

आता काळ्याबद्दल, कारण पुढचा घोळ तिथे होणार आहे. घोड्यात शुद्ध काळा हा अगूटी मोडल्यामुळे होतो. २००१ मध्ये सापडलं की त्या जीनमधली ११ अक्षरं गळालेली असतात, दोन्ही कॉप्या तशा असल्या की अगूटी कामच करत नाही आणि घोडा पूर्ण काळा. म्हणजे घोड्यातला काळा रिसेसिव्ह, दोन काळ्यांना बे कधी होत नाही, फार तर चेस्टनट. कुत्र्यात मात्र तिसरा खेळाडू आहे जो घोड्याच्या रंगात नाहीच, त्याला के म्हणतात. २००७ मध्ये कळलं की तो बीटा-डिफेन्सिन नावाचा जीन आहे, म्हणजे ज्या कुळातली प्रोटीनं जंतूंशी लढतात त्यातलाच एक. त्यातली तीन अक्षरं गेली आणि तो सरळ त्या स्विचवर जाऊन बसायला लागला, अगूटीला जवळच येऊ देत नाही. एक कॉपी असली तरी कुत्रा काळा. त्यामुळे कुत्र्यातला काळा बहुतेक वेळा डॉमिनंट, आणि दोन काळ्या कुत्र्यांच्या पोटी लाल, काळं-टॅन, ब्रिंडल, पिवळं, काय वाटेल ते येऊ शकतं. ब्रिंडल म्हणजे त्याच के चं मधलं रूप, पट्ट्यापुरतं काळं. लॅब्राडोरमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे के असतो म्हणून त्यांच्यात अगूटीला वावच मिळत नाही, स्विच चालू तर काळा नाहीतर चॉकलेटी, बंद तर पिवळा, एवढंच. आणि गंमत म्हणजे जर्मन शेफर्डमध्ये जो पूर्ण काळा असतो तो परत घोड्यासारखा, अगूटी मोडलेला, रिसेसिव्ह. दोन काळे शेफर्ड लावा, सगळी काळी. दोन काळे लॅब लावा, काही सांगता येत नाही. एकाच रंगाचं नाव, एकाच प्राण्यात, दोन उलट नियम.

तो काळा के मग लांडग्यांतही गेला. उत्तर अमेरिकेतले काळे लांडगे काळे आहेत ते कुत्र्यांशी झालेल्या जुन्या संकरामुळे, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. आणि तुमच्या डॅशहाउंडचा तो एवाय, त्याचा एक तुकडा २०२१ च्या अभ्यासानुसार लांडग्यांपासून वीस लाख वर्षांपूर्वीच फुटलेल्या, आता नामशेष झालेल्या एका कुळातून आलेला दिसतो. आपण मांडीवर घेऊन मिशा बघतो ते प्रकरण इतकं जुनं आहे.

आता लपाछपीचा भाग, आणि हा नीट वाचा, कारण इथे पिल्लांचे डोळे आणि कान जातात.

रंग फिका करणारे जे जीन आहेत त्यांच्याबद्दल मी एकच प्रश्न विचारतो, हा काळ्याला हात लावतो की लालला. ज्याला हात लावतो ते रंगद्रव्य अंगावर नसेल तर तो जीन असूनही दिसत नाही, जनावर साधंच दिसतं आणि पुढच्या पिढीत बॉम्ब फुटतो. घोड्यात क्रीम नावाच्या जीनची एक कॉपी फक्त लालला फिकं करते, म्हणून चेस्टनटचा सोनेरी पालोमिनो होतो, बेचा पिवळसर बकस्किन होतो पण त्याची आयाळ काळीच राहते, आणि काळ्या घोड्यावर एक कॉपी असली तर जवळपास काहीच दिसत नाही, लोक त्याला साधा काळा म्हणून वापरतात आणि मग निळ्या डोळ्यांचं फिकट शिंगरू झालं की डोकं धरतात. (दोन कॉप्या झाल्या की क्रीम काळ्यालाही सोडत नाही.) तोच जीन, एसएलसी४५ए२, डोबरमनमध्ये वेगळ्या जागी मोडला की पांढरे डोबरमन होतात, गुलाबी नाकाचे, उजेडाला डोळे मिचकावणारे, आणि त्यांच्यात कातडीच्या गाठी जास्त दिसतात. घोड्यात ज्याला लोक हौसेने शोधतात, कुत्र्यात तो अल्बिनोपणा आहे.

सिल्व्हर नावाच्या जीनचं याच्या बरोबर उलटं. सिल्व्हर फक्त काळ्याला हात लावतो, काळ्या घोड्याचं अंग चॉकलेटी आणि आयाळ-शेपटी चांदीसारखी होते, पण चेस्टनटवर तो असून नसल्यासारखा. आणि सिल्व्हरचा जीन पीएमईएल, तोच जीन कुत्र्यात मर्लचा. दोन्ही २००६ सालीच सापडले. एकाच जीनमध्ये दोन वेगळे बिघाड, घोड्यात एक अक्षर बदललेलं, कुत्र्यात मध्येच एक उपरा तुकडा घुसलेला, पण वागणं बघा किती सारखं. दोन्ही काळ्याला फिकं करतात, दोन्ही लाल जनावरात लपतात, आणि दोन्ही डोळ्यांवर जातात. सिल्व्हर घोड्यात एका कॉपीने डोळ्यात सिस्ट येतात, दोन कॉप्या असल्या तर बुबुळ, भिंग, पडदा सगळंच कमीजास्त बिघडलेलं असतं. मर्लची एक कॉपी म्हणजे ते छान निळसर-करडे डाग, दोन कॉप्या म्हणजे बरंचसं पांढरं पिल्लू, कधी बहिरं, कधी डोळे अर्धवट वाढलेले.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एकांनी फिकट पिवळा ऑस्ट्रेलियन शेफर्ड नर दाखवायला आणला, निळ्या मर्ल कुत्रीला लावायचा होता. मी अंगभर हात फिरवून बघितलं, एकही डाग नाही, म्हटलं मर्ल नाही, लावा बिनधास्त. मिशा वाळक्या होत्या हे दिसलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात आला नाही. अंगावर काळा केसच नाही तर मर्ल दिसणार कुठे? सात पिल्लांत दोन जवळजवळ पांढरी झाली, त्यातल्या एकाच्या पापण्या उघडल्या तर आत वाटाण्याएवढे डोळे. टाळी वाजवली तर बाकीची पिल्लं दचकली, ही दोन झोपून राहिली. त्या नराच्या आईचा फोटो मागून बघितला, ती मर्ल होती. तेव्हापासून मिशा वाळक्या दिसल्या आणि समोरचं जनावर मर्ल असलं, की टेस्टशिवाय मी हो म्हणत नाही, कोणी कितीही घाई करो. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे डॅशहाउंडमध्येही मर्ल आहे, त्यांच्यात त्याला डॅपल म्हणतात. लाल कुत्र्यावर डॅपल नीट दिसत नाही, पिल्लू असताना काळ्या टोकांच्या केसांत थोडे डाग दिसतात आणि मोठेपणी ते केस गेले की डागही गेले. लालला डॅपल लावू नका असं जुने ब्रीडर म्हणतात ते याचसाठी.

लालला फिकं करणाराही एक जीन दोघांत सामाईक आहे, एमएफएसडी१२. शेटलंड पोनीत त्याने मशरूम नावाचा मातकट रंग होतो आणि कुत्र्यांत लालचा क्रीम-पांढरा व्हायला तो हातभार लावतो. हे बिचारं निरुपद्रवी आहे, पुढे जाऊ.

निळ्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, निळा डॅशहाउंड आणि उंदरी रंगाचा घोडा, ज्याला ग्रुल्ला म्हणतात, हे एकच का. नाही, आणि हा फरक मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखा आहे. निळ्या कुत्र्याचा केस घेतला की आत काळ्या रंगाचे कण पसरलेले नसतात, त्याची ढेकळं झालेली असतात, मध्ये मोकळी जागा, परत एक ढेकूळ, काही ढेकळं तर एवढी मोठी की केस तिथे फुगून तडकतो. कारण मेलॅनोफिलिन नावाचं प्रोटीन मोडलंय, ते रंगाचे कण पेशीच्या टोकाला पोचवणाऱ्या गाडीचं जू आहे असं समजा, जू तुटलं की माल एकाच जागी पडून राहतो. त्या तडकलेल्या केसांमुळे काही निळ्या कुत्र्यांच्या पाठीवरचे केस झडतात आणि मालक खरजेचं औषध लावत बसतात. सगळ्या निळ्यांना होत नाही, वायमारानर तर चॉकलेटी आणि निळा दोन्ही रिसेसिव्ह घेऊन फिरतो, तो चंदेरी रंग त्यातूनच आलाय, पण त्यांच्यात झडणं फारसं दिसत नाही.

ग्रुल्ला घोड्याचा केस मात्र आडवा कापून बघा. रंगाचे कण एकदम नीट, ढेकूळ नाही काही नाही, फक्त ते केसाच्या एकाच बाजूला आहेत, बाहेरच्या, दुसरी बाजू रिकामी. पाठीवरच्या काळ्या पट्ट्यातला केस कापला तर त्यात चारी बाजूंनी रंग. हा डन रंग, त्याचा जीन टीबीएक्स३, आणि हे घोड्याचं मूळ रूप आहे, मंगोलियातले रानटी प्रझेवाल्स्कीचे घोडे असेच असतात, म्हणजे आपल्याला साधे वाटणारे बे आणि काळे हेच खरे तर बिघडलेले, डन हरवलेले. घोड्यात ती माल वाहणारी गाडी मोडलेली सापडते ती वेगळ्या ठिकाणी, मायोसिन-५ए मध्ये, आणि तिथे निळेपणाचं कौतुक करायला वेळच मिळत नाही. अरबी घोड्यांत लॅव्हेंडर फोल म्हणतात ते हेच, शिंगरू फिकट जांभळट जन्मतं, मान मागे ताठ, उभं राहता येत नाही, थोड्याच दिवसांत जातं. तीच गाडी मज्जापेशींतही लागते म्हणून.

पांढऱ्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल, म्हणून दोन-तीनच गोष्टी. घोड्यातला बराचसा पांढरा किट नावाच्या जीनच्या आसपास आहे, टोबियानो असो, सबिनो असो, की डॉमिनंट व्हाइटचे तीसाहून जास्त प्रकार असोत. कुत्र्यात किटचा पांढरा दुर्मिळ, पांडा शेफर्ड (पांढऱ्या ठिगळांचा जर्मन शेफर्ड) सोडला तर कोणाला भेटत नाही, त्यांचा नेहमीचा पांढरा एमआयटीएफचा, जो घोड्यात स्प्लॅश्ड व्हाइट करतो. दोन्हीकडे पांढरा चेहरा आणि कान म्हणजे बहिरेपणाची शंका घ्यायचीच, कारण आतल्या कानाला रंगपेशी लागतात. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे ३० टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघालेत. आणि घोड्यातला फ्रेम ओव्हरो हा पांढऱ्या डागांचा प्रकार, ज्यांना माहीत नाही त्यांनी पाठ करा, दोन फ्रेम कधीही लावायचे नाहीत. चारातलं एक शिंगरू पूर्ण पांढरं जन्मतं आणि दोन-तीन दिवसांत पोटशूळ होऊन मरतं, कारण आतड्यातल्या मज्जापेशी आणि रंगपेशी भ्रूणात एकाच ठिकाणाहून निघतात, एक वाट बंद झाली की दुसरीही बंद.

वयाबरोबर पांढरा होत जाणारा घोडा म्हणजे ग्रे, त्याला कुत्र्यात बरोबरीचं काही नाही. केरी ब्लू किंवा पूडल काळे जन्मून करडे होतात पण ते प्रकरण वेगळं. घोड्यातला ग्रे २००८ मध्ये सिन्टॅक्सिन-१७ मधल्या एका दुप्पट झालेल्या तुकड्यात सापडला, आणि २०२४ मध्ये आणखी कळलं की तो तुकडा दोनदा असला तर घोडा हळूहळू पांढरा होतो, तीनदा असला तर भराभर होतो आणि शेपटीखाली मेलॅनोमाच्या (रंगपेशींच्या कॅन्सरच्या) गाठीही याच भराभरवाल्यांना होतात. पंधरा वर्षांवरच्या ग्रे घोड्यांत ७० ते ८० टक्क्यांना त्या असतात असं धरून चाला. बाप ठरवायला मात्र ग्रे फार सोपा आहे, आईबापांतलं एक तरी ग्रे असल्याशिवाय शिंगरू ग्रे होत नाही.

बाप ठरवण्यावरून परत तुमच्याकडे. रंगावरून एखादा नर बाप नाही हे कधीकधी ठामपणे सांगता येतं, पण तोच बाप आहे हे कधीच सांगता येत नाही. कुत्रीच्या एकाच वेतात दोन नरांची पिल्लं असू शकतात हेही खरं, घोडीत हा प्रश्न सहसा येत नाही. त्यामुळे शंका मनात राहणारच असेल तर पॅरेंटेज टेस्ट करा, सोबत रंगाचंही पॅनल, म्हणजे रंगाच्या सगळ्या जीनची तपासणी, करून घ्या. पिल्लाचा गालाच्या आतला स्वॅब घ्यायचा तर दूध पिऊन दोन तास तरी झालेले असू द्या, त्या वेळात आईपासून वेगळं ठेवा, नाहीतर पिल्लाच्या तोंडातल्या आईच्या पेशी येतात आणि रिपोर्ट गोंधळाचा येतो. माझ्या एका क्लायंटला असाच रिपोर्ट आला होता आणि त्यावरून महिनाभर भांडण चाललं. घोड्याचे मुळासकट वीस-तीस आयाळीचे केस उपटून पाठवता तसं पिल्लाचं करू नका, एवढ्याशा पिल्लाच्या बारीक केसाच्या मुळात पुरेसं काही हाताला लागत नाही.

रिपोर्टमध्ये पहिली ओळ ई ची बघा. कुत्री आणि नर दोघांकडे दोन-दोन छोटे ई आले तर तुमचा चेस्टनटचा नियम लागू आणि तुमचा संशय खरा, किंवा अगूटीच्या ओळीत एखाद्याकडे दोन्ही एवायच निघाले तरी. छोटे ई एकाकडेच आले तरी काळं-टॅन पिल्लू होऊ शकतं. माझा अंदाज आहे की दोघांकडे निदान एकेक मोठा ई (चालता स्विच) असेल आणि अगूटीच्या ओळीत दोघांपुढे एवाय-एटी लिहिलेलं असेल. आणि ज्या पिल्लावरून एवढं रामायण झालं ते काळं-टॅन, त्याच्याकडे दोन्ही एटी आहेत, एवाय उरलेलंच नाही. ई, बी (चॉकलेटी) आणि डी (निळा) यांच्या ओळीत मागे काही लपलेलं नसेल तर त्याला पुढे दुसरं काळं-टॅन लावा, वेतामागून वेत सगळी काळी-टॅनच होतील. तुम्ही चेस्टनटकडून जी अपेक्षा करत होता ती तुमच्या घरात हेच पिल्लू पुरी करणार आहे, लाल तिघांपैकी कोण करेल ते टेस्टशिवाय सांगता येणार नाही.